कोठासफाईची परीक्षा

दादाला छप्पन्नाव्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. वेळेत कळला, ऑपरेशन झालं. आता तो रोज पर्वती चढतो आणि उरलेल्या वेळात मला पिडतो. "सख्ख्या भावाला झालाय म्हटल्यावर चाळिशीनंतर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करून घ्यायचीच." मी म्हटलं, मला काही त्रास नाही. "त्रास नसतानाच करायची असते, शहाण्या!"

तयारीचा कागद हातात पडला. भाकरी, मेथी, मटकीची उसळ, पेरू बंद. पांढरा भात आणि मैद्याचा ब्रेड चालेल! ज्या खाण्यावरून जन्मभर बोलणी खाल्ली, तेच पथ्य म्हणून लेखी मिळालं. हा आनंद आदल्या दिवशी संपला. त्या दिवशी फक्त नारळपाणी, गाळलेलं सूप आणि कोरा चहा. कोकम सरबतही नाही, तो लाल रंग आत रक्तासारखा दिसतो म्हणे.

मग ते औषध. पावडर पाण्यात कालवायची, अर्धं संध्याकाळी, अर्धं पहाटे. चव म्हणजे लिंबू सरबतात कुणीतरी साबणाचे हात धुतलेत. पहिल्या ग्लासानंतर काहीच होत नाही. माणूस ऐटीत पेपर उघडतो. अग्रलेख पुरा होत नाही.

२०२१ साली अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांनी याच तपासणीसाठी भूल घेताना उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्याकडे ८५ मिनिटं सत्ता सोपवली होती. आमच्याकडे भूल मिळण्याआधीच वाटणी झाली: घरातला एकमेव संडास माझा, टीव्हीचा रिमोट नेमक्या तेव्हाच राहायला आलेल्या आत्याचा. "आमच्या वेळी चमचाभर एरंडेलात भागायचं," ती दारापलीकडून सांगत होती. "आणि आवर रे, मलाही जायचंय."

प्रत्यक्ष तपासणीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मागून उघडा झगा घातला, डाव्या कुशीवर निजलो, जागा झालो तेव्हा सगळं उरकलं होतं. एक बारीकसा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला कोंब, सापडला; तो तारेच्या फासाने तिथल्या तिथे काढून तपासायला पाठवला. "असल्या पॉलिपचा कॅन्सर झालाच तर बहुधा दहाएक वर्षं लागतात," डॉक्टर म्हणाले. "त्याआधीच गाठला."

रिपोर्टात आतड्याच्या स्वच्छतेला गुणही असतात. तीन भाग, प्रत्येकी तीन गुण. मला नवांपैकी आठ! घरी येऊन आईला अभिमानाने सांगितलं.

"बरं," आई म्हणाली. "दादाला किती होते?"