ई-बस येण्याआधी मार्ग आणि वेळापत्रक ठरवा

छत्रपती संभाजीनगरच्या शहर बससेवेत विजेवर धावणाऱ्या बसचा समावेश व्हावा, या मताचा मी आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत मराठवाड्यातील संभाजीनगर, जालना आणि लातूर ही तीन शहरे आहेत आणि हवा ठरलेल्या मानकांत बसत नसल्यामुळेच ती त्या यादीत गेली आहेत, तेव्हा ई-बसला कोणी चैन समजू नये. मात्र आपल्याकडची चर्चा बस किती मिळणार आणि कधी मिळणार एवढ्यापाशीच थांबते. त्या कोणत्या रस्त्याने आणि किती वाजता धावणार, हे विचारणारे फारसे कोणी दिसत नाही.

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण त्यामागे पैशाचे गणित आहे. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ‘पीएम ई-बस सेवा’ योजनेत देशभरासाठी १० हजार बस असून त्या चालविण्यासाठी १० वर्षे अर्थसाहाय्य मिळणार आहे. बस आणि चालक कंत्राटदाराचे असतात आणि त्याला मोबदला मिळतो तो धावलेल्या किलोमीटरवर. आत ४० प्रवासी असोत की ४, त्याचे देयक बदलत नाही. म्हणजे रिकाम्या बसचा तोटा शेवटी शहराच्याच माथी येतो, आणि मार्ग आखण्यात आळस झाला तर दहा वर्षे आपण हवेतून धूर कमी करण्याचे नव्हे, तर नुसते किलोमीटर मोजण्याचे पैसे देत बसू.

वाळूज औद्योगिक वसाहतीचेच पाहा. सकाळची पहिली शिफ्ट गाठणारा कामगार बाबा पेट्रोल पंपाजवळ बसची वाट पाहत थांबत नाही, कारण ती येईल याची त्याला खात्री नसते. तो शेअरिंग रिक्षात कोंबून बसतो किंवा हप्त्यावर दुचाकी घेतो. नगर नाक्यापासून वाळूजजवळच्या पंढरपूर गावापर्यंत नाकातोंडात जाणारा धूर याच वाहनांचा आहे. शिफ्ट सुटल्यावर अर्ध्या तासाने येणारी बस विजेची असली, तरी त्या दुचाकींपैकी एकही रस्त्यावरून कमी होणार नाही. घाटी या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जालना आणि बीड जिल्ह्यांतून येणाऱ्या रुग्णांचेही तेच आहे: एसटीने ते सकाळी शहरात पोहोचतात आणि पुढचे थोडेसे अंतर रिक्षाचालक सांगेल त्या भाड्याने कापतात. एसटीच्या वेळांशी जुळवलेली एक छोटी फेरी इथे मोठे काम करील.

बसचा आकारही आधी ठरायला हवा. योजनेत १२, ९ आणि ७ मीटरच्या बसची सोय आहे. गुलमंडी, शहागंज आणि सिटी चौक या गर्दीच्या भागांत आणि जुन्या दरवाजांतून जाणाऱ्या रस्त्यांवर १२ मीटरची बस अडकणारच, तर जालना रोडवर छोटी बस पुरणार नाही.

विजेची बस म्हणजे संपूर्ण स्वच्छ बस, असेही मी मानत नाही. आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशावर तयार होते आणि परळीच्या औष्णिक केंद्राजवळ राहणाऱ्यांना राखेचा त्रास काय असतो, हे वेगळे सांगायला नको. तरीही गर्दीच्या चौकात माणसांच्या तोंडावर सुटणारा डिझेलचा धूर थांबतो, हा लाभ खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. रस्त्यांवरची धूळ मात्र कोणत्याही बसने कमी होणार नाही. तिच्यासाठी डांबर आणि झाडू लागतो.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याचा विचारही वेळापत्रकात दिसला पाहिजे. मे महिन्यात वातानुकूलन सतत चालू ठेवावे लागते, त्यामुळे एका चार्जिंगमध्ये कापले जाणारे अंतर घटते. दुपारी कोणती बस चार्जिंगला जाणार आणि तिच्या जागी कोणती धावणार हे लिहून ठेवलेले नसेल, तर ऐन उन्हात थांब्यावर उभ्या माणसाची फेरी रद्द होईल. त्यातही निम्म्या थांब्यांवर सावली नाही!

विकास आराखड्यावर जशा हरकती आणि सूचना मागवल्या जातात, तशा त्या बसमार्ग आणि वेळापत्रकाच्या मसुद्यावरही मागवाव्यात, आणि तो मसुदा वॉर्ड कार्यालयांत तसेच वाळूज, शेंद्रा आणि चिकलठाण्यातील कारखान्यांच्या सूचनाफलकांवर मराठीत लावावा, अशी माझी मागणी आहे. माझी पहिली सूचना आताच नोंदवतो: वाळूजहून शहराकडे येणारी शेवटची बस दुसरी शिफ्ट सुटल्यानंतरची असावी.