पहिली ॲस्टर नाही, डब्लिन सेंट पॅट्रिक्सची मार्किएविच

स्पर्धा परीक्षेवाल्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरत असतो, "ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेली पहिली महिला नॅन्सी ॲस्टर, १९१९". कोणी आयरिश स्वातंत्र्यलढ्यातल्या कॉन्स्टन्स मार्किएविचचं नाव घेतलं की खाली ठरलेली उत्तरं: ती सभागृहात गेलीच नाही, सीट बिनविरोध मिळालेली, आणि मतदारसंघ म्हणजे आयर्लंडचा कुठलातरी कोपरा.

ती गेली नाही हे खरंय, पण निवडून येणं वेगळं आणि शपथ घेऊन बसणं वेगळं. आयर्लंड तेव्हा ब्रिटनच्या राज्यात होतं; डिसेंबर १९१८ ला तिच्या पक्षाने, आयरिश स्वातंत्र्यवादी शिन फेनने, ७३ जागा जिंकल्या आणि लंडनच्या पार्लमेंटात बसायला जायचं नाही हे त्यांनी आधीच जाहीर केलेलं, मग त्यातल्या पुरुषांना कोणी "निवडून आलेच नाहीत" म्हणतं का? शिवाय ही बाई निकाल लागला तेव्हा लंडनच्या हॉलोवे तुरुंगात होती. ॲस्टर आत *बसलेली* पहिली, तेवढंच लिहा ना.

बिनविरोध तर अजिबात नाही. तिला ७,८३५ मतं, आणि समोर विल्यम फील्ड, १८९२ पासून तिथला खासदार, त्याला ३,७५२. बिनविरोध झाली ती १९२१ ची निवडणूक आणि ती दुसऱ्याच, डब्लिन साउथमधून, लोक दोन्ही एकत्र करून टाकतात.

आणि कोपरा वगैरे काही नाही हो, भर राजधानीतली सीट! १८८५ ला डब्लिन शहराचे चार मतदारसंघ केले त्यातला हा एक. पहिला खासदार कोण माहितीये? विल्यम मार्टिन मर्फी. ट्रामचा मालक, ज्याने १९१३ मध्ये युनियन मोडायला कामगारांना कामावरून बाहेर काढलं आणि इतर मालकांनाही तेच करायला लावलं, शहरात हजारो घरांत चूल पेटेना. तेव्हा युनियनच्या मुख्यालयात, लिबर्टी हॉलमध्ये, त्या कामगारांच्या बायकापोरांसाठी सूपची पातेली चढत होती आणि तिथे राबणाऱ्यांत मार्किएविच होती, चांगल्या जमीनदार घरातली बाई. पाच वर्षांनी मर्फीच्याच जुन्या मतदारसंघाने तिला दुपटीहून जास्त मतांनी निवडून दिलं. मला तर हा इतिहास ॲस्टरच्या तारखेपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो आणि एका ओळीच्या फॉरवर्डमध्ये तोच गायब होतो याचं खरंच वाईट वाटतं.

१९२२ मध्ये मतदारसंघच रद्द झाला. म्हणून नोट्समध्ये दुरुस्ती करा: निवडून आलेली पहिली मार्किएविच, १९१८, डब्लिन सेंट पॅट्रिक्स.