जप चुकला तर उलटं फळ मिळतं? त्या मेसेजला उत्तर

नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जप 108 वेळाच करावा, कमी केला तर व्यर्थ. आंघोळ करून, जमिनीवर आसन घालून, ठरलेल्या वेळीच करावा. पाळीच्या दिवसांत नाम घेऊ नये. मध्येच सोडला किंवा सोयीप्रमाणे बदल केला, तर उलटं फळ मिळतं. शेवटी ‘सर्वांना पाठवा’.

यातला शेवटचा दावा सगळ्यांत घातक आहे, म्हणून आधी तोच घेते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 40वा श्लोक सांगतो, ‘नेहाभिक्रमनाशोऽस्ति प्रत्यवायो न विद्यते’. केलेला आरंभ वाया जात नाही आणि त्यात उलटा दोषही लागत नाही. श्लोक निष्काम कर्मयोगाबद्दल आहे, हे मला मान्य. पण काहीही न मागता नाम घेणारा माणूस याहून वेगळं काय करत असतो? देवाचं नाव घेणाऱ्याला देवाचीच भीती घालायची, हे मला सहनच होत नाही.

आता 108. माळेत मणी तेवढे असतात आणि मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, ओलांडायचा नसतो, ही रीत खरी. पण संध्येतल्या गायत्रीजपालाच परंपरेने 108, नाहीतर 28, तेही जमत नसेल तर 10, अशी सवलत दिली आहे. बोटांच्या पेरांवर मोजायची करमाळही जुनीच. म्हणजे माणसाची ताकद आणि वेळ पाहून आकडा कमी करणं ही आजच्या आळशी लोकांनी काढलेली पळवाट नव्हे.

आकडा गाठायच्या घाईत काय निसटतं, तेही पाहा. 2001 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास आला होता. त्यात 23 जणांना लॅटिनमधली ‘आवे मारिया’ ही ख्रिस्ती प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा बौद्ध मंत्र म्हणायला लावलं. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण दोन्हींत श्वास संथ होऊन मिनिटाला साधारण 6 वर आला. शरीराला मिळणारा हा निवांतपणा संथ लयीतून येतो. धापा टाकत माळ संपवली की लयच जाते.

आंघोळ, आसन, वेळ यांचं उत्तर हरिपाठात सरळ दिलंय: ‘काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं’. जनाबाई ‘दळितां कांडितां’ अनंताला गात होत्या. जात्यावर बसलेल्या बाईला कुठलं आसन आणि कुठला मुहूर्त! माझी मावशी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खुर्चीतच बसते. हा मेसेज वाचून तिने संध्याकाळचा जप थांबवला. “खाली बसवत नाही गं, उगाच दोष कशाला लावून घ्यायचा?” म्हणाली. माळ डबीत घालून देव्हाऱ्याच्या खणात ठेवून दिली होती. इतक्या वर्षांचा तिचा आधार एका फॉरवर्डने काढून घेतला, याचा मला अतोनात राग आहे.

पाळीबद्दल संत सोयराबाईंपुढे मला वेगळं काही म्हणायचं नाही: ‘देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध’.

स्वतःपुरता बदल केला की मंत्राची शक्ती जाते, असंही त्या मेसेजमध्ये आहे. तुकोबांना स्वप्नात त्यांच्या गुरूंनी, बाबाजींनी, ‘रामकृष्णहरि’ दिला. त्याबद्दल तुकोबा म्हणतात, ‘माझिये मनींचा जाणोनियां भाव । तो करी उपाव गुरुराजा । आवडीचा मंत्र सांगितला सोपा’. शिष्याचा कल पाहून, त्याला रुचेल आणि झेपेल असं गुरूनेच दिलं.

मेसेजमधले असे नियम एका ठिकाणी मात्र खरे आहेत. गुरूकडून घेतलेलं अनुष्ठान, संकल्प करून केलेलं पुरश्चरण (ठरलेल्या संख्येचा जप पुरा करायचं व्रत) यांना संख्येचे आणि आहार-विहाराचे नियम असतात. तिथे अडचण आली तर ज्यांनी दीक्षा दिली त्यांनाच विचारावं. घरी बसून नाम घेणाऱ्या सामान्य माणसावर ते नियम लादायचं कारण नाही.

मंत्र रोज बदलू नये, असं माझंही मत आहे. मन एका ठिकाणी मुरायला वेळ लागतो. बाकीचं खुशाल जुळवून घ्या. मोठ्याने म्हणताना दम लागत असेल तर ओठांतल्या ओठांत म्हणा, तेही नको असेल तर मनात. मनुस्मृतीने उपांशु आणि मानस जप वाचिकापेक्षा वरचेच मानले आहेत. डोळे मिटल्यावर भीती वाटत असेल तर समईच्या ज्योतीकडे पाहा. संधिवाताने मणी सरकत नसतील तर घड्याळ लावून 10 मिनिटं बसा. आणि जप करताना जीव घाबरायला लागला, झोप उडाली, तर नेटाने रेटू नका. तेवढे दिवस थांबा आणि डॉक्टरांशी बोला.