हसरा सूर्य आणि आपल्या कवट्या

अणुऊर्जेविरुद्धचं पोस्टर म्हटलं की कवटी, गॅस मास्क, तो छत्रीसारखा ढग, नाहीतर किरणोत्सर्गाचं काळं-पिवळं चिन्ह, हे ठरलेलंच. मला ही चित्रं मनापासून पटत नाहीत. भीती खोटी आहे असं अजिबात म्हणणं नाही, चेर्नोबिल झालं, फुकुशिमा झालं, घाबरायला कारण आहेच. पण घाबरलेला माणूस मान फिरवून पुढे निघून जातो, तुमच्याशी बोलायला थांबत नाही.

आणि म्हणूनच मला अणुऊर्जाविरोधी बिल्ल्यावरचा १९७५ सालचा तो डॅनिश सूर्य एवढा ग्रेट वाटतो. ऑर्हुस शहरातल्या ॲने लुंड नावाच्या तरुण कार्यकर्तीने काढलेला. पिवळ्यावर लाल गोल सूर्य, छान हसतोय, वर प्रश्न 'अणुऊर्जा?' आणि खाली उत्तर 'नको, धन्यवाद'. बस्स एवढंच. ना शिवी, ना मुठी आवळलेले हात. बिल्ला छातीवर लावून दुकानात गेलात तर दुकानदारसुद्धा विचारणार, का हो नको? आणि तिथून बोलणं सुरू. ती ज्या ओओए संघटनेत होती तिचं कामच लोकांना अणुऊर्जेबद्दल माहिती देणं हे होतं, त्यामुळे चिन्हही तसंच, बोलायला बोलावणारं. पुढे कितीतरी भाषांत ते गेलं, जर्मनीत तर गाड्यागाड्यांवर स्टिकर, आणि बिल्ले विकून आलेल्या पैशांवर चळवळ चालली. पक्षांनी आणि कंपन्यांनी ते पळवू नये म्हणून संघटनेने ते रीतसर नोंदवूनही ठेवलं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

पण खरी गंमत नुसत्या नम्रपणात नाहीये. 'नको' म्हणणाराच सूर्य आहे! म्हणजे नकार आणि पर्याय एकाच चित्रात. कोपनहेगनपासून जेमतेम २० किलोमीटरवर, समुद्रापलीकडे स्वीडनची बार्सेबेक अणुभट्टी होती, तिच्याविरुद्धच्या मोर्चांत डॅनिश लोक ओरडायचे, काय जाऊ दे? बार्सेबेक! काय येऊ दे? ऊन आणि वारा! आणि हे घोषणेपुरतं राहिलं नाही. १९७८ मध्ये डेन्मार्कमधल्याच ट्विंडच्या शाळेतल्या लोकांनी स्वतः खपून प्रचंड पवनचक्की उभी केली, १९८५ मध्ये संसदेने अणुऊर्जा नियोजनातून काढून टाकली, १९९१ मध्ये विंडेबीला समुद्रातला जगातला पहिला पवनचक्क्यांचा प्रकल्प सुरू झाला. आज तिथली निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यापासून येते. मधली बरीच वर्षं त्यांनी भरपूर कोळसा जाळला हेही खरंय, ते लपवायचं कारण नाही, आणि आता तिथेही अणुऊर्जेवर पुन्हा चर्चा सुरू झालीये. तरी बार्सेबेकची दुसरी भट्टीही २००५ ला बंद झाली ती झालीच.

आता आपल्याकडे या. जैतापूर. रत्नागिरी जिल्ह्यात माडबनच्या सड्यावर १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या उभारायचा बेत, एकूण ९९०० मेगावॅट, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये, फुकुशिमाला दीड महिनाही झाला नव्हता तेव्हा, जवळच्या साखरीनाट्यात आंदोलनावरच्या पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार गेला. तिथल्या लोकांनी आमची मासेमारी, आमचा हापूस असं म्हणत विरोध केला तो शंभर टक्के त्यांचा हक्क होता. पण 'मग वीज कुठून आणायची' हा प्रश्न शहरातल्या प्रत्येकाने त्यांच्या तोंडावर फेकला, आणि याचं उत्तर देणारं चित्र आपण कलाकार मंडळींनी त्यांच्या हातात दिलं नाही, दिल्या त्या कवट्याच. साताऱ्याला चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतायत, धुळ्यात साक्रीला सरकारी कंपनीचाच १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प आहे, हे सगळं महाराष्ट्रातलंच आहे ना? मग ते पोस्टरवर का नको? सड्यावरचा वारा, कोकणातलं ऊन, होडी, आंबा, आणि खाली सरळ 'हे हवं'. अशी पोस्टरं पाहिजेत, मराठीत, हाताने रंगवलेली, एसटी स्टँडवर लावता येतील अशी.

प्रकल्प अजून कागदावर जिवंत आहे, म्हणजे हे काम उशिराचं नाही. जे चित्र काढतात त्यांनी काढा आणि खाली टाका, छापायचं आपण मिळून बघू. आणि नाटे, माडबन, मिठगवाणे भागातल्या कुणाकडे तेव्हाच्या मोर्चातले हाताने लिहिलेले बोर्ड, कापडी बॅनर किंवा त्यांचे फोटो असतील तर प्लीज ते फेकू नका, मला मेसेज करा, फ्लेक्स फाटून जातात आणि कुणीही जपून ठेवत नाही.