कादंबरीतल्या माणसांचं पोट कशावर चालतं?

कादंबरी कुठल्याही प्रकारची असो, वाचताना मी एक गोष्ट आधी शोधते. यातल्या माणसांचं पोट कशावर चालतं? घरात पैसा कुठून येतो, चूल कोण पेटवतं, नड आली की हात कुणापुढे पसरायचा, काम सुटलं तर उद्या काय? हे लेखकाला आतून ठाऊक असेल तर मी त्याच्यामागे भुताच्या वाड्यात जाईन, परग्रहावरही जाईन. ठाऊक नसेल तर भाषा कितीही नटवलेली असो, मन लागत नाही. गेले काही महिने ग्रामीण, ऐतिहासिक, राजकीय, भय, विज्ञान असं सगळं एकात एक वाचत होते, तेव्हा हे माझ्यापुरतं अगदी पक्कं झालं.

सुरुवात उद्धव शेळक्यांच्या 'धग'पासून केली. १९६० सालची कादंबरी. शिंप्याचं घर, कामात मन नसलेला नवरा महादेव, आणि संसार एकटीच्या अंगावर ओढणारी कौतिक. पोरांनी शिकावं एवढंच तिचं मागणं आहे, आणि ते एवढंसं मागणंही परवडत नाही. पुढे नवऱ्याला महारोग होतो. ही नुसती दुःखाची यादी असती तर मी पुस्तक मिटलं असतं. पण शेळके कौतिकचा हिशोब दाखवतात. आज मजुरी किती, त्यातलं घरात काय आणायचं, कुणाचं देणं थांबवायचं, कुणापुढे तोंड वाईट करायचं. तिचं डोकं सतत चालू असतं. गरीब माणसाला सोसणारं, मुकं, सोज्वळ असं रंगवण्याची खोड आपल्याकडे फार जुनी आहे. कौतिक भांडते, टोमणे मारते, डाव टाकते, हरते, परत उठते. आणि तिची वऱ्हाडी! ती बोली मजेपुरती आणलेली नाही, ती बाई त्याच बोलीत विचार करते. घाटावरच्या वाचकाला पहिली काही पानं अडखळायला होईल, पण नेट धरून वाचा, नंतर कान लागतो. मराठी कादंबऱ्यांची नावं घेताना 'कोसला'शी थांबणाऱ्यांचा मला राग येतो तो याच पुस्तकामुळे. 'कोसला'च्या तीन वर्षं आधी हे घडून गेलं होतं.

ऐतिहासिक कादंबरीबद्दल माझं मत कडक आहे. आपल्याकडच्या कितीतरी ऐतिहासिक कादंबऱ्यांत कुणाला भूकच लागत नाही. शेले, शिरपेच, समया, डोळ्यांतलं पाणी आणि लांबलचक संवाद. त्या फौजेला दाणावैरण कोण पुरवतंय, हा प्रश्नच कुणाला पडत नाही. विश्वास पाटलांचं 'पानिपत' (१९८८) मला पुन्हा वाचावंसं वाटलं ते यासाठीच. त्यातली लढाई १४ जानेवारी १७६१ ला होते, पण खरी हार त्याआधीच सुरू झालेली आहे. दोन महिने फौज अडकून पडलेली, बरोबर बुणग्यांचा आणि यात्रेकरूंचा प्रचंड लवाजमा, बाहेरून रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेलेले. छावणीतला दाणा संपत जातो तसतसा भाऊसाहेबांपुढचा पर्याय एकेक करून संपत जातो. शेवटी माणसं उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणतात, तेव्हा ते शौर्याचं वाक्य राहत नाही, छावणीतला शेवटचा हिशोब होतो. भाषा काही ठिकाणी फार चढते, हे आहेच. पण भूक खरी आहे.

त्याच्या शेजारी नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' ठेवा. हा अंताजी नायक नाही, नोकरी टिकवून, जीव सांभाळून जगणारा माणूस आहे. तो मराठ्यांच्या बंगालच्या स्वाऱ्या पाहतो, प्लासी पाहतो, आणि बखरीच्या भाषेत पण अगदी उघड्या डोळ्यांनी सांगतो. त्या स्वाऱ्यांची आठवण बंगालात आजही एका अंगाईत आहे: बाळ झोपलं, गाव शांत झालं, देशात बर्गी आले, बुलबुलांनी धान खाल्लं, आता सारा भरू कशाने? हे बर्गी म्हणजे आपलेच बारगीर, मराठा फौजेतले घोडेस्वार. शाळेत आपण अटकेपार झेंडे शिकलो, त्या झेंड्यांखाली कुणाचं धान गेलं ते शिकलो नाही. खऱ्यांची कादंबरी ते शिकवते, आणि आपल्या लोकांवरची माया जराही कमी न करता शिकवते. मराठीत असं पुस्तक आहे याचा मला अभिमान वाटतो. २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्याच 'उद्या' या कादंबरीला मिळाला आणि खऱ्यांनी तो नाकारला, तेव्हा चार दिवस चर्चा झाली. वाचन तेवढं झालं का, शंका आहे.

अरुण साधूंची 'सिंहासन' (१९७७) बहुतेकांनी जब्बार पटेलांच्या सिनेमातून पाहिली आहे. सिनेमा उत्तमच, पण कादंबरी जरूर वाचा. सिनेमात ही एकटी नाही, साधूंच्याच 'मुंबई दिनांक' कादंबरीचेही धागे त्यात विणलेत. साधू मुंबईतले पत्रकार, त्यामुळे मंत्रालयात निरोप कसा फिरतो, आमदार कशाने हलतो, संपाची किल्ली कुणाच्या हातात असते, हे त्यांनी कल्पनेने लिहिलेलं वाटतच नाही. मुख्यमंत्री जीवाजीराव आणि अर्थमंत्री दाभाडे यांच्यात खलपुरुष कोण, हे ठरवायची घाई लेखक करत नाही. सत्ता हाही रोजचा धंदा आहे, सकाळी उठून करावा लागणारा, हे मला तिथे कळलं. गेल्या काही वर्षांतलं महाराष्ट्राचं राजकारण पाहून डोकं बधिर झालं असेल तर ही वाचाच.

भयकादंबरीला नाक मुरडणाऱ्यांशी मी वाद घालायला तयार आहे. नारायण धारप वाचनालयात कायम फाटलेल्या बांधणीत मिळायचे, इतके हातोहात फिरत. 'लुचाई' स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली आहे, हे खरं. पण नुसती नावं बदलून भीती मराठी होत नाही. धारपांची माणसं पगारदार, घरभाड्याची काळजी करणारी, सुट्टी शिल्लक आहे का बघणारी असतात. त्या साध्या घरात एक दार जरा वेगळं वागतं आणि अंगावर काटा येतो. घर खरं, म्हणून दार भयानक. शेवटाकडे मात्र संकट निवारणारी थोर शक्ती येते आणि माझी भीती ओसरते. ही त्यांची मर्यादा मला दरवेळी खटकते.

जयंत नारळीकर गेले (मे २०२५) त्यानंतर 'वामन परत न आला' पुन्हा काढली. जमिनीत खोल खणताना शास्त्रज्ञांना एका लुप्त, प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो, आणि त्यातल्या ज्ञानातून वामन हा यंत्रमानव उभा राहतो. माणसं पातळ आहेत, संवाद सरळसोट आहेत, बायका जवळजवळ नाहीतच. तरी मी ती बाजूला ठेवू शकले नाही, कारण शास्त्रज्ञ काम कसं करतात हे तिथे दिसतं. तपासणं, शंका घेणं, एकमेकांना अडवणं, सरकारी परवानगीची वाट बघणं. बुद्धिमान यंत्र हाताबाहेर गेलं तर काय, ही आजची बातमी त्यांनी १९८० च्या दशकात मराठी वाचकासमोर ठेवली होती.

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) माझी ही फूटपट्टी उलटी लागली. सगळी गोष्ट युरोपातून निघालेल्या बोटीवर घडते, आणि बोटीवर कुणालाच काम नाही. हॅर्टासारखे जर्मनीतून हाकललेले ज्यू शांघायला निघालेत, कारण तिथे व्हिसा मागत नाहीत. घर, धंदा, कागद सगळं मागे गेलेलं. उरलं फक्त प्रेम, आणि मुंबई आली की तिचा प्रियकर चक्रधर उतरणार. माणसाचं सगळं काढून घेतल्यावर प्रेमाला उभं राहायला जागाच उरत नाही, हे इतक्या थोड्या पानांत इतक्या निर्दयपणे कुणी लिहिलेलं मला माहीत नाही. यानंतर लगेच मालतीबाई बेडेकरांची, म्हणजे विभावरी शिरूरकरांची 'बळी' (१९५०) वाचावी. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेले लोक, त्यांना कोंडायची वसाहत, तारेचं कुंपण, रोजची हजेरी. मालतीबाईंनी अशा वसाहतींच्या कामात स्वतः काही वर्षं काढली होती. एकाच घरातल्या दोघांनी, एकाने युरोपातून आणि एकीने आपल्याच उंबऱ्यापासून, जन्मावरून शिक्का मारलेली माणसं लिहिली. नवऱ्याचं पुस्तक अभिजात म्हणून गाजलं, बायकोचं मागे पडलं. मला हे अन्यायाचं वाटतं. 'बळी' दुकानांत सहज मिळायला हवी.

सगळ्यात अलीकडची म्हणजे कृष्णात खोतांची 'रिंगाण', २०२३ ची साहित्य अकादमी मिळालेली. धरणात गाव गेलं, माणसं दुसरीकडे वसवली, म्हशी मागे राहिल्या. देवाप्पा त्या आणायला परत जातो, पण जनावरं आता रानटी झालीत, माणूस ओळखत नाहीत. धरणग्रस्तांवर 'झाडाझडती' तीन दशकांपूर्वीच आली होती आणि तिने सरकारी खात्याचा कारभार उघडा केला होता. खोत कार्यालयात जातच नाहीत. ते म्हशीच्या मागे रानात जातात. भरपाईचा आकडा ठरवणाऱ्याला दावणीचं नातं मोजता येत नाही, हे सांगायला त्यांना एकही भाषण लागत नाही.

आता मला आजच्या कामांवरची कादंबरी हवी आहे. तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक, दुचाकीवरून जेवण पोचवणारी पोरं, गर्भाशय काढून उसाच्या फडात कामाला जाणाऱ्या बीडच्या बाया, हिंजवडीतून रात्री अकराला कंपनीच्या बसने घरी येणारे. रहस्यकथा असली तरी चालेल, विज्ञानकथा असली तरी चालेल. कुणी चांगली वाचली असेल तर लेखकाचं आणि प्रकाशकाचं नाव सांगा, या महिन्यात विकत घेईन.