मावशीच्या फ्रिजमधलं ‘चांदीचं पाणी’

रविवारी डोंबिवलीला मावशीकडे गेले होते. दूध आत ठेवायला फ्रिज उघडला, तर दारात लिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी गडद निळ्या काचेची अर्ध्या लिटरची बाटली. लेबल इंग्रजीत: कोलॉइडल सिल्व्हर (म्हणजे पाण्यात मिसळलेले चांदीचे अतिबारीक कण), २० पीपीएम (लिटरला २० मिलिग्रॅम). “चांदीचं पाणी आहे ते, सांडशील,” मावशी आतून ओरडली. ऑनलाइन मागवलेलं, १,८०० रुपये. मागवायला लावणारा मेसेज भिशीच्या ग्रुपवर आला होता आणि त्याखाली हात जोडलेल्यांची ही रांग.

मेसेजचं म्हणणं असं. आपल्या आज्या चांदीच्या वाटीतून बाळाला भरवायच्या ते उगाच नाही. चांदी ६५० प्रकारचे जंतू मारते. नासा अंतराळात हेच पाणी पिते. औषध कंपन्या ही माहिती दाबून ठेवतात. अंग निळं पडतं ही अफवा आहे, कारण ‘नॅनो’ चांदी शरीरात राहतच नाही. आणि कुठल्याही गोळीसोबत चालते, साइड इफेक्ट शून्य. मात्रा: सकाळी अनशापोटी दोन मोठे चमचे, रात्री दोन. स्टीलचा चमचा वापरू नये. लहान मुलांना निम्मं द्यावं.

स्टील चालत नाही म्हणून मावशीने कपाटातून माझ्या मावसभावाच्या उष्टावणाची चांदीची चमची काढली होती. हसावं की रडावं कळेना.

वाटीचा मुद्दा दोन ओळींचा आहे. चांदीच्या वाटीतली खिमट खाताना बाळ चांदी खात नाही. घट्ट धातूतून अन्नात उतरते ती नगण्य. वाटी आणि बाटली यांत फक्त ‘चांदी’ हा शब्द सामाईक आहे. (कोणी आयुर्वेदातल्या रौप्य भस्माचं नाव काढेल म्हणून सांगते: ही बाटली कुठल्या वैद्याने दिलेली नाही. कार्टमध्ये टाकलेली आहे.)

६५० जंतूंचा आकडा १९७८ सालच्या एका लोकप्रिय अमेरिकी मासिकातल्या लेखातला आहे, कुठल्या रुग्णांवरच्या चाचणीतला नाही. चांदी जंतू मारते हे मात्र खरं, ते नाकारून मला चालणार नाही. भाजलेल्या जखमेवर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम त्याच तत्त्वावर चालतं, काही पाण्याच्या फिल्टरमध्येही चांदी असते. पण जखमेवर लावणं वेगळं आणि गिळणं वेगळं. फिनेलही जंतू मारतं. ते कोणी चमच्याने घेत नाही.

नासाचं तर उलटंच आहे. अंतराळ स्थानकात पाणी टिकवायला चांदी वापरतात ती रशियन भागात. अमेरिकी भागात आयोडीन वापरत आले आहेत. आणि तिथेही चांदी असते ती पाणी नासू नये इतपत, अगदी थोडी. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, चांदीची कमाल मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. मावशीच्या बाटलीत लिटरला २० मिलिग्रॅम. दोनशे पट. हे आकडे मी तिला कागदावर लिहून दाखवले तर म्हणाली, “म्हणूनच महाग आहे.”

आता निळ्या रंगाची ‘अफवा’. हा मुद्दा लिहिणाऱ्याची मला खरोखर चीड आली, कारण त्याला माहीत आहे की वाचणारा गूगल करेल आणि घाबरेल. म्हणून आधीच मलमपट्टी.

चांदीने अंग निळं पडण्याच्या या विकाराला आर्जिरिया म्हणतात. पोटातल्या आम्लात चांदीचे कण, नॅनो असोत वा नसोत, विरघळतात आणि आयन (विद्युतभार असलेले अणू) होऊन रक्तात जातात. २०१२ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी हा सगळा रस्ता प्रयोगशाळेत मांडून दाखवला. त्वचेत पोचलेल्या त्या चांदीवर ऊन पडलं की तिचे पुन्हा धातूचे कण बनतात, जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्ममध्ये व्हायचं तसंच. मग तिथल्या गंधकाशी आणि सेलेनियमशी जोडी जमून ती पक्की बसते. म्हणून चेहरा, मान, हात जास्त काळवंडतात आणि कपड्याखालचं अंग कमी. देवघरातलं चांदीचं निरांजन काळं पडतं ते गंधकामुळेच, त्यावर चढलेला थर सिल्व्हर सल्फाइडचा असतो. निरांजन दंतमंजनाने घासून लख्ख होतं. गाल कशाने घासणार? काही रुग्णांना लेझरने फरक पडला आहे, पण तो उपचार दुखरा आहे आणि एकेक तुकडा करत जावं लागतं. बाकी डाग जन्माचा.

आणि ही माणसं कुठल्या दंतकथेतली नाहीत. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले स्टॅन जोन्स २००२ साली सिनेटची निवडणूक लढवत होते, राखाडी-निळ्या चेहऱ्याने. साल २००० उजाडताच संगणक कोलमडतील आणि अँटिबायोटिक मिळणार नाहीत, या भीतीने १९९९ पासून ते घरी बनवलेलं चांदीचं पाणी पीत होते. पॉल करासन नावाचे दुसरे गृहस्थ वर्षानुवर्षं हेच पीत आणि तोंडाला चोळत. टीव्हीवर आले तेव्हा जांभळटनिळे झालेले होते. २०१३ साली वारले तोवर तसेच.

“त्यांनी घरी चुकीचं बनवलं, आमचं शुद्ध आहे,” असं उत्तर मेसेजमध्ये आधीच तयार आहे. त्यावर मी एकच गोष्ट पुढे करते. १९३५ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात गॉल आणि स्टॉड या दोघांनी सर्वांगी आर्जिरियाच्या ७० रुग्णांवर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच कोलॉइडल चांदीची औषधं आहेत. घरगुती बनावट नव्हे, त्या काळची रीतसर औषधं. याच नोंदींवरून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, ईपीएने, आयुष्यभर रोज पोटात गेली तरी चालेल अशी चांदीची मर्यादा काढली: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५ मायक्रोग्रॅम.

हिशेब करा. मावशी ५५ किलोची, म्हणजे २७५ मायक्रोग्रॅम. मेसेजप्रमाणे दिवसाचे चार मोठे चमचे म्हणजे ६० मिलिलिटर, त्यात चांदी १,२०० मायक्रोग्रॅम. चौपटीहून जास्त. आता ते ‘मुलांना निम्मं’ घ्या. १५ किलोच्या पोराची मर्यादा ७५, पोटात जाणार ६००. आठपट! मेसेज लिहिणाऱ्याने पोराचं वजन विचारलं नाही, वय विचारलं नाही, ‘निम्मं’ म्हणून मोकळा झाला. खोकल्याचं औषधसुद्धा कोणी असं देत नाही.

प्रामाणिकपणे दोन गोष्टी मान्य करते. ही मर्यादा जन्मभराच्या हिशेबाची आहे, तेव्हा एका बाटलीने मावशी निळी होणार नव्हती. आणि गिळलेली बहुतेक चांदी बाहेर पडते हेही खरं. लघवीवाटे नाही, शौचावाटे. ईपीएने आपल्या गणितात त्यातली चार टक्के अंगात राहते असं धरलं आहे. पण राहिलेली जात नाही, साठत जाते. बाटली आठ दिवसांत संपते, आणि मेसेज म्हणतो ‘कायम घ्या’.

दाबून ठेवलेल्या माहितीबद्दल काय बोलायचं? औषधवाल्यांनी चांदी दाबली नाही, विकली, आणि दणकून विकली. फिलाडेल्फियाच्या आल्बर्ट बार्न्सने १९०२ च्या सुमारास आर्जिरॉल हे चांदीचं औषध काढलं आणि त्या पैशातून रेन्वार, सेझानच्या चित्रांचा असा संग्रह केला की लोक आजही पाहायला जातात. पुढे अँटिबायोटिक आली आणि चांदी मागे पडली. १९९९ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, उघड नियम काढला की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकली जाणारी कोलॉइडल चांदीची औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत. तेव्हापासून विक्रेते ‘औषध’ शब्द टाळून ‘सप्लिमेंट’ म्हणतात. मावशीच्या बाटलीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय की हे उत्पादन कुठल्याही रोगाचं निदान, उपचार वा प्रतिबंध यासाठी नाही. तिच्याच भिंगाने तिला वाचून दाखवलं. ती बराच वेळ बाटली फिरवत बसली.

राहिलं ‘कुठल्याही गोळीसोबत चालते’. निळ्या रंगापेक्षा मला हेच जास्त लागलं. मावशीला थायरॉईड आहे, थायरॉक्सिनची गोळी ती बारा वर्षं सकाळी अनशापोटी घेते. चांदीमुळे थायरॉक्सिन आणि काही अँटिबायोटिक नीट शोषली जात नाहीत, ही नोंदलेली अडचण आहे. डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळीसुद्धा चार तासांनी घ्यायला सांगितलेली, ते ती घड्याळ लावून पाळते. आणि चांदीचे दोन चमचे? गोळी जिभेवर ठेवायची आणि त्याच पाण्याने गिळायची. “दोन्ही अनशापोटीच आहेत ना, मग एकदमच घेते.” सहा दिवस हे चाललं होतं.

नखाच्या मुळाशी असलेली पांढरी चंद्रकोर निळसर होणं ही आर्जिरियाची सुरुवातीची खूण. बाल्कनीत नेऊन दहाही बोटं पाहिली. पांढरीच होती, सहा दिवसांत दुसरं काही व्हायचंही नव्हतं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दीड महिन्याने टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घ्यायला सांगितलं. भिशीच्या ग्रुपवर मी हाच हिशेब टाकला. दोघींनी अंगठा दिला, एकीने विचारलं की मग तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचं काय.

बाटली मी घरी घेऊन आले आहे. ओतून टाकायची नाही अशी ताकीद आहे, १,८०० रुपयांची आहे म्हणून.