लेकरं कमी झाली, तरी झडी का परतली नाही?

सोयाबीन उगवून वर आलं आणि पावसानं खंड दिला, की आपल्या विदर्भातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा : पूर्वी मृगात पाऊस यायचा, झडी लागायची. आता माणसं बेसुमार वाढली म्हणून हवा तापली. खेड्यातले गरीब लोक चार-चार लेकरं जन्माला घालतात. आठशे कोटी माणसांच्या श्वासानं कार्बन वाढतो. जगभरातले शास्त्रज्ञही हेच सांगतात. दोन अपत्यांचा कडक कायदा आणा, हवामान आपोआप ताळ्यावर येईल.

शिकलेली, गावाबद्दल कळकळ असलेली माणसंही हे पुढे पाठवतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे. पावसाचं तंत्र बिघडलंय, हे त्यातलं खरं आहे. पण ज्याचं पीक बुडतं त्यालाच हा मजकूर दोषी ठरवतो, आणि ते मला मान्य नाही.

"खेड्यातले लोक चार-चार लेकरं जन्माला घालतात."

घालत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं आहेत. लोकसंख्या आहे तेवढीच टिकायला सुमारे २.१ लागतात. विदर्भाचं चित्र तर आणखी स्पष्ट आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली. वर्धा जिल्ह्याची ५.२, भंडाऱ्याची ५.६ आणि चंद्रपूरची ६.४ टक्क्यांनी. पोरं पुण्याला कामाला गेली, घरोघरी एक-दोनच लेकरं, जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट घसरत चाललाय. गाव रिकामं होतंय ही आपली खरी चिंता आहे, आणि मजकूर नेमका उलटं सांगतो.

"श्वासानं कार्बन वाढतो."

आपण श्वासातून जो कार्बन सोडतो तो ज्वारीतून, तुरीच्या वरणातून आलेला असतो, आणि त्या पिकानं तो थोड्याच काळापूर्वी हवेतून घेतलेला असतो. हिशेब जागच्या जागी मिटतो. कोळसा आणि पेट्रोलमधला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता. तो जाळला की हवेत नवी भर पडते.

"माणसं जास्त, म्हणून तापमान जास्त."

इथे जरा थांबून हिशेब करू. एकूण प्रदूषण म्हणजे माणसांची संख्या गुणिले प्रत्येकामागचं जाळणं. मजकूर पहिलाच आकडा धरतो, दुसरा सोडून देतो. भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत साधारण १४ टन. औद्योगिक क्रांतीपासून आजवर जगानं इंधन जाळून जो कार्बन हवेत सोडला त्यातला जवळपास पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे, भारताचा ३ टक्क्यांच्या आसपास. देशाचंही बाजूला ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीनं, म्हणजे आयपीसीसीनं, २०२२ च्या अहवालात कुटुंबांच्या उपभोगाचा हिशेब मांडला. जगातली वरची १० टक्के कुटुंबं ३४ ते ४५ टक्के उत्सर्जनाला कारण आहेत, खालची निम्मी कुटुंबं १३ ते १५ टक्क्यांना.

आता हा हिशेब आपल्या भागात आणू. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची खास वाहिनी गेली आहे, १,५०० मेगावॅट वाहून नेणारी. कोळसा इथला, राख इथे, धूर इथे. विजेचा मोठा वाटा पश्चिमेकडच्या शहरांना आणि कारखान्यांना. शहरात राहणाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांनाही वीज लागतेच. पण ओलिताला रात्रीची लाईन येते म्हणून अंधारात वावरात जाणाऱ्या माणसाला त्याच्या लेकरांनी पृथ्वी तापवली असं सांगणं हा अन्याय आहे. त्याच्या घरात दोन-चार बल्ब, एक पंखा आणि जुनी मोटारसायकल असते.

मग झडी गेली कुठे? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास सांगतो, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि एकूण मोसमी पाऊस मात्र कमी झाला. अरबी समुद्रावरून बाष्पाचे लोंढे येतात आणि थोड्या वेळात रिते होतात. हवा एक अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. म्हणून आठ-आठ दिवस रिमझिमणारी, जमिनीत मुरणारी झडी दुर्मिळ झाली. आता एका रात्रीत वावर खरडून जातं, मग तीन आठवडे कोरडे, मग दुबार पेरणी. यातलं काहीही आपल्या गावच्या जन्मनोंदणीवर ठरत नाही.

"जगभरातले शास्त्रज्ञही हेच सांगतात."

अर्धंच. लोकसंख्येचा काहीच संबंध नाही असं कोणी म्हणत असेल तर तेही चूक. आयपीसीसी स्वतः सांगते, की उत्सर्जन वाढण्यामागे दरडोई उत्पन्न आणि लोकसंख्या ही दोन मोठी कारणं आहेत. ब्रायन ओनील हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हिशेब मांडला, की जगाची लोकसंख्यावाढ मंदावली तर २०५० पर्यंत आवश्यक असलेल्या उत्सर्जनाच्या कपातीपैकी १६ ते २९ टक्के कपात त्यातून मिळू शकते. हा वाटा लहान नाही. पण उरलेले सत्तरहून अधिक टक्के ऊर्जेत, वाहतुकीत आणि उपभोगातच शोधावे लागतील. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ कोरी ब्रॅडशॉ आणि बॅरी ब्रूक यांनी तपासलं, की साऱ्या जगानं एकाच मुलाचा नियम केला तर काय होईल. तरीही शतकाअखेरीस माणसं जवळपास आजच्याइतकीच राहतील, कारण आज जन्मलेली पिढी आधीच इथे आहे. लोकसंख्या घटवणं हा हवामानावरचा झटपट उपाय नाही, असाच त्यांचा निष्कर्ष आहे.

"कायदा आणा, हवामान सुधारेल."

चीननं १९८० च्या सुमारास एका मुलाची सक्ती केली आणि ती पस्तीस वर्षं चालवली. त्याच काळात त्याचं कार्बन उत्सर्जन सहा पटींहून जास्त वाढलं, कारण कारखाने आणि कोळसा वाढला. आपल्या राज्यातही १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. गावातल्या प्रत्येकाला हा नियम पाठ आहे. त्यानं पाऊस वेळेवर आला का? जन्मदर उतरला तो पोरी शिकल्या, लग्नं उशिरा झाली, जन्मलेली लेकरं जगू लागली म्हणून. कैरोच्या १९९४ च्या जागतिक लोकसंख्या परिषदेनं हीच वाट मान्य केली. सक्तीनं बाईच्या शरीरावर दडपण येतं आणि कोळसा तसाच जळत राहतो.

मागायचंच असेल तर कामाचं मागू. अतिवृष्टीची मदत २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर मिळते, आणि तो मोजला जातो महसूल मंडळाच्या केंद्रावर. एका मंडळात कितीतरी गावं येतात. आता ढग एका शिवारावर फुटतो आणि दोन कोसांवरचं केंद्र कोरडं राहतं. वावर खरडून गेलेल्या शेतकऱ्याचं नाव यादीत येत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक बसवा आणि त्याचीच नोंद मदतीला व पीकविम्याला ग्राह्य धरा, असा ठराव येत्या ग्रामसभेत घ्या. त्याची प्रत तहसीलदारांना, तालुका कृषी अधिकाऱ्यांना आणि आमदारांना द्या. गटावर पुढे पाठवायचं तर तो ठराव पाठवा.